एकाच भावात चाळीस साइज

मी यादोराव. तुमसरले स्टेशनच्या रस्त्यावर माहं दुकान आहे. राइस मिलची इंजिनं, शेतातले पंप, फटफट्या, जे जे धूर सोडते ते सगळं माह्या हाताखालून जाते. लोकं म्हणतात, यादोरावचा हात चांगला, तोंड वाईट. बरोबर आहे त्याईचं. पण ज्या माणसानं मोटरबोटीचा पिस्टन सोनाराच्या तराजूत तोलताना पाह्यला, त्यानं तोंड चांगलं ठेवावं तरी कसं, हे मले कोणीतरी सांगावं.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. वैनगंगेच्या या काठावर करंजघाट, त्या काठावर बोरटोला, मधात नदी. उन्हाळ्यात लोकं धोतर खोचून पाण्यातून चालत जातात अन् पावसाळ्यात देवाचं नाव घेऊन डोंग्यातून. डोंगा म्हणजे एका झाडाच्या खोडातून कोरलेली नाव. मोठा पूर आला की तोही बंद. म्हणून एका पुरानंतर सरकारनं पंचायत समितीले एक लोखंडी नाव दिली अन् तिच्या मागं लावाले एक परदेशी मोटर. निळ्या रंगाची, दोन सिलेंडरची, कंपनीचं नाव खरवडून गेलेली. कोण्या साहेबानं कोण्या धरणावर दहा-बारा वर्षं हवा खाऊन झाल्यावर ती आमच्या नशिबी आली होती. पण चालत होती. नर्सबाई उषाबाई तिच्यातून दर बुधवारी बोरटोल्याले सुई टोचाले जात, अन् अडलेल्या बाळंतपणालेही.

बोरटोल्यात माही पोरगी रत्ना दिली आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी इतका तडतडून काहून राहिलो ते समजन. तिच्या पहिल्या बाळंतपणाले बाळ आडवं होतं. ते आमच्या घरी झालं, उषाबाई होत्या, म्हणून मायलेकरू वाचले. दुसरं सासरी व्हाचं होतं, अन् तेही श्रावणात, नदी भरून वाहत असतानी. उषाबाईनं माह्या घरवालीले, मंदाबाईले, साफ सांगतलं होतं, "या पोरीपाशी मी पाहिजेच. नुसत्या सुईणीवर सोडू नका." म्हणजे रत्नाले उषाबाई पाहिजेत, उषाबाईले नाव पाहिजे, अन् नावेले मोटर पाहिजे. अन् मोटर तं आदल्या भादव्यातच जाम होऊन बसली होती.

जाम कशी झाली तेही ऐका. ही टू-स्ट्रोक मोटर. तिच्या पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागते, नाही तं आतमंधी पिस्टन कोरडा घासते. नाव चालवणारा केवळराम ढिवर इमानानं मिसळे. समितीच्या भांडाराचा कारकून टेकचंद, त्यानं एक दिवस ते पाह्यलं अन् बोंब मारली, "सरकारी पेट्रोलात भेसळ करतं काबे?" केवळराम म्हणे, "साहेब, भेसळ नाही, फोडणी आहे." कोण ऐकते! टेकचंदनं लेखी हुकूम काढला अन् ऑइलचा डब्बा कुलपात ठेवला. चौथ्या दिवशी भर नदीत मोटर किंचाळली अन् थांबली. उषाबाई औषधाची पेटी मांडीवर घेऊन दोन कोस खाली वाहत गेल्या. एका रेताडावर सापडल्या. बाई चिंब, पेटी कोरडी. तेव्हापासून टेकचंदचं नाव निघालं की त्या बाई बाजूले थुंकतात.

फागुनात मोटर माह्या दुकानात आली. खोलली. वरच्या सिलेंडरमंधी पिस्टन चिकटलेला, रिंगा तुटलेल्या, भिंतीले नख अडकन असे ओरखडे. खालचाही काही धुतल्या तांदळाचा नव्हता. आता पिस्टन निवडाचा म्हणजे काय, ते साध्या बोलीत सांगतो. नव्या सिलेंडरमंधी बसते तो स्टँडर्ड. भिंतीले ओरखडे पडले की लेथवर सिलेंडर आतून जरासा कापाचा, ओरखडे जाईपर्यंत, अन् तेवढाच मोठा पिस्टन टाकाचा. पहिले दहा साइज, मंग वीस, मंग तीस, शेवटी चाळीस. चाळीसच्या पुढं रस्ता बंद. भिंत पातळ होते अन् अख्खा ब्लॉक भंगारात जाते. म्हणून जेवढं लागते तेवढंच कापाव, बाकीचं पुढच्या खेपेले राखून ठेवाव. मी मायक्रोमीटर लावला, तीनदा मोजलं. दहामंधी ओरखडे जात नव्हते, वीसमंधी साफ जात होते. कागदावर लिहून दिलं: वीस साइजचे दोन पिस्टन, रिंगांसहित. बस, एका ओळीचं काम होतं.

पण सरकारात एका ओळीनं कोणाचं समाधान होत नाही. समिती बसली. अध्यक्ष मधुकरराव, तुमसरचे राइस मिलवाले. पांढरंफेक धोतर, बोलणं साखरेचं. कोणाले नाही म्हणाचं नाही अन् कोणाचं काम कराचं नाही, या दोन गोष्टींवर त्याईनं तीन निवडणुका काढल्या होत्या. सदस्य सोमाजी, करंजघाटचे सरपंच, साठ एकर धानाचे मालक. अन् सचिव कोण? टेकचंद! ज्यानं मोटर मारली तोच तिच्या तेरवीचा कारभारी.

नागपूरच्या तीन दुकानांतून भाव मागवले. अन् तिथंच घोडं अडलं. स्टँडर्ड असो, वीस असो की चाळीस, तिन्ही दुकानांत साइजनं भाव बदलत नव्हता. त्यात नवल काही नाही, पिस्टनचं असंच असते. एका दुकानदारानं नमुना म्हणून एक वीसचा अन् एक चाळीसचा पाठवला होता. मधुकररावांनी एक या हातात घेतला, एक त्या हातात घेतला.

"यादोराव, यातला मोठा कोणता?"

"चाळीसचा जी."

"अन् भाव?"

"सारखाच."

"मंग तुमी लहान कायले मागून राहिले?"

मी म्हणलं, "जोडा पायाच्या मापानं घ्यावा लागते, मधुकरराव. एकाच भावात भेटते म्हणून बारा नंबरचा जोडा कोणी घालते का?"

"आमच्या आज्यानं घातला होता," सोमाजी म्हणाले. "समोर चिंधी कोंबे. मरेपर्यंत पुरला."

आता यावर काय बोलाव? मी तोंड उघडलं तं सोमाजीनं हात वर केला. "हे पाहा भाऊ, आमी कास्तकार माणसं. पायलीनं धान मोजतो तं वरतं शीग लावूनच मोजतो. वीसचा म्हणजे झाली सपाट पायली. चाळीसचा म्हणजे शीग. फुकटची शीग सरकारनं काहून सोडावी?"

ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. शीग म्हणजे मापाच्या काठावर धानाचा जो ढीग उभा राह्यते तो. आमच्या झाडीपट्टीत सपाट माप देणाऱ्याच्या दारात कोणी पाणी पेत नाही. रिवाज चांगला आहे, मीही मानतो. पण धानाचा रिवाज धानाले. सिलेंडरमंधी शीग लावाची कुठं, बाप्पा?

मधुकररावांले ते इतकं पटलं की त्याईनं शेजारच्या सोनाराले तराजू घेऊन बोलावलं. खोटं सांगत नाही, माह्या मंदाबाईची शपथ. सोनारानं एका पारड्यात वीसचा ठेवला, एका पारड्यात चाळीसचा, अन् डोळे बारीक करून सांगतलं, "चाळीसचा पाव तोळा भारी." सगळ्याईच्या तोंडावर असा आनंद झाला, जसं काही सरकारले सोन्याची खाण सापडली. टेकचंदनं तिथंच ठराव लिहिला, वाचून दाखवला: "एकाच दरात अधिक धातू प्राप्त होत असल्याने शासनहितार्थ चाळीस साइज मंजूर करण्यात येत आहे."

मी उठून उभा राह्यलो. "नाकापेक्षा मोती जड होईन! आज चाळीस टाकला तं उद्याले काही उरत नाही. अजून एकदा जाम झाली की मोटर नदीत फेका अन् नारळ फोडा!"

टेकचंदनं कार्यवृत्तात लिहिलं, "मेकॅनिक यांनी मोत्यांविषयी मत मांडले."

मधुकरराव माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यादोराव, माहं मन तं तुमच्याच बाजूनं आहे. पण ठराव झाला. तुमाले नसन जमत तं भंडाऱ्याचा कोणी पाहू, चार-सहा महिने इकडंतिकडं होईन." चार-सहा महिने! म्हणजे दिवाळी. माही रत्ना श्रावणात बाळंत होणार. मी दात खाल्ले अन् म्हणलं, "जमते."

चाळीसचे दोन पिस्टन आले. मी ते पाह्यले अन् फळीवर ठेवून दिले. मले सांगा, माह्या हातानं त्या बिचाऱ्या मोटरचं सगळं आयुष्य एका पावसाळ्यात कापून टाकाचं? नागपूरले गेलो, दुकानदाराले म्हणलं, बदलून दे. तो म्हणे, सरकारी बिल आहे, मी हातही लावत नाही. मंग त्याच्या जीपचं इंजिन तीन दिवस खपून बांधून दिलं अन् बदल्यात वीसचे दोन पिस्टन आणले. लेथवर माह्या देखरेखीखाली दोन्ही सिलेंडर कापले. तेलाचा हात फिरवून पिस्टन वरून सोडला तं तो आपल्याच वजनानं हळूहळू खाली उतरला, ना अडकला ना धपकन पडला. सासरी नांदाले आलेली शहाणी सून जशी उंबरा ओलांडते तसा. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं अन् घरी जाऊन मंदाबाईले म्हणलं, "जमलं व." ती म्हणे, "काय जमलं?" तिले काय सांगाव!

दुसऱ्या दिवशी चाळीसचे दोन्ही पिस्टन घेऊन टेकचंदच्या टेबलावर ठेवले.

"हे जमा करून घ्या अन् पावती द्या."

"कायची?"

"पिस्टनची. चाळीसचे. वापरले नाही, जसेच्या तसे आहेत. माहे वीसचे बसवले, मोटर मस्त झाली."

टेकचंदनं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. "मंजूर दोन, प्राप्त दोन, यंत्रात बसवले दोन. शिल्लक निरंक. पिस्टन तं मोटरमंधी आहेत, यादोराव."

"मंग हे समोर काय आहे?"

त्यानं त्या पिस्टनकडं पाह्यलं, मंग रजिस्टरकडं पाह्यलं. "रजिस्टरमंधी नाही ते मी जमा कसं करू? तुमी घेऊन जा, नाही तं राहू द्या." वरतं पंखा फिरून राहिला होता, कागदं उडून राहिले होते. त्यानं एक पिस्टन या गठ्ठ्यावर ठेवला, एक त्या गठ्ठ्यावर. पावती काही दिली नाही. मीही मूर्ख, तसाच उठून आलो. तिथंच मी फसलो.

जेठात मोटर नावेले लागली. मधुकररावांनी तिले हार घातला, नारळ फोडला, अन् 'समितीच्या दूरदृष्टीवर' भाषण दिलं. ऑइलचं काय केलं म्हणाल, तं उषाबाईनं डोकं चालवलं. त्याईनं आपल्या दवाखान्याच्या कागदावर 'औषधी तेल' लिहून डब्बा काढला अन् केवळरामले दिला. औषधाले भेसळ म्हणाची टेकचंदची हिंमत नव्हती. मोटर अशी चालली, अशी चालली, की केवळराम घाटावर भेटन त्याले धरून सांगे, "समितीनं चाळीसचा देल्ला होता, पण आमच्या यादोभाऊनं वीसचाच बसवला! आवाज तं ऐका!"

माणूस भोळा. कौतुक कराले गेला अन् माह्या गळ्यात फास टाकून बसला.

चौथ्या दिवशी सोमाजीच्या ओट्यावर एकच गोष्ट सुरू. "चाळीस मंजूर, वीस बसवला. बाकीचे वीस कुठं गेले?" आता हे वीस काही पायलीतले धान नाहीत, की पोत्यातून काढून मी खाऊन टाकले. साइज आहे ते, माप आहे! मी घसा कोरडा करून सांगतलं. पण लोकाईचं म्हणणं एकच: यादोरावनं शीग खाल्ली. बाजारात माह्याकडून पंपाचा वायसर घेणारा कास्तकारही उलटापालटा करून पाहू लागला. पस्तीस वर्षांची अब्रू, अन् डाग कायचा? पाव तोळ्याचा. मले रातची झोप येईना, खरं सांगतो.

चौकशी लागली. मी म्हणलं, "आत्ता खोलतो, माह्यापाशी मायक्रोमीटर आहे, डोळ्यादेखत मोजून दाखवतो." टेकचंद म्हणे, "चोराच्याच हातात तिजोरीची किल्ली?" मी म्हणलं, "मंग तुह्या टेबलावर पाहा ना बे, दोन्ही चाळीसचे तिथंच पडले आहेत!" तं म्हणे, "ते कार्यालयीन सामान आहे." ठरलं असं, की नागपूरहून माप घेणारा तज्ज्ञ येईन, अन् तोवर पुरावा बिघडू नये म्हणून मोटर चालवाची नाही. आषाढाच्या सुरवातीले टेकचंदनं करंजघाटच्या पंचायतीच्या खोलीत मोटरले कोरं मांजरपाट गुंडाळलं, सुतळी आवळली, अन् गाठीवर लाखेचं सील मारलं. चालणारी मोटर! मयतीले कफन बांधते तशी बांधली.

मी मंदाबाईले बोरटोल्याले पाठवलं, की पोरीले इकडं घेऊन ये. तिची सासू म्हणे, "धानाचा रोवणा सुरू आहे ना माय. आठ दिवसात पऱ्हे, रोपं सगळे लागून होतात, मंग पाठवतो. अजून तं महिना आहे तिले." रोवण्याच्या टायमाले चुलीपाशी बसणारी बाई कोण सोडते? सासूलेही दोष देत नाही मी. मंदाबाई डोंग्यातून परत आली, अन् तिसऱ्या दिवशी वरून जे पाणी सुटलं ते सुटलंच. नदी दोन्ही काठ घेऊन वाहू लागली, डोंगेवाल्याईनं डोंगे वर ओढले.

त्या दोन गावांत एक जुना रिवाज आहे. पुरात हाक पोचत नाही, म्हणून काठावरच्या उंच बांबूले कपडा बांधतात. पांढरं धोतर म्हणजे कोणी गेलं. हिरवं लुगडं म्हणजे बाई अडली. त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराले केवळराम सायकल हाणत माह्या दुकानात आला. धापा टाकून राहिला होता. "यादोभाऊ, बोरटोल्याच्या बांबूले हिरवं लागलं. त्या गावात दिवस भरत आलेली बाई एकच आहे."

महिना आहे म्हणत होते, अन् हे असं. केवळराम म्हणे, "उषाबाई पेटी घेऊन घाटावर बसल्या आहेत. मोटरचं काय कराचं?"

आता इथं मले माहीच लाज वाटते, पण सांगतो. मी, यादोराव, तोंडाचा वाईट, ज्यानं अध्यक्षाच्या तोंडावर मोती फेकून मारला, तो मी सायकलीवर बसलो अन् सरळ घाटावर गेलो नाही. समितीच्या ऑफिसात गेलो. परवानगी मागाले. काहून? तं लाखेच्या त्या लाल टिकल्याचं भेव. एक आळ आधीच डोक्शावर होता, अजून सील तोडल्याचा लागला तं जेलात जाईन, असं डोक्शात भरलं होतं.

टेकचंद म्हणे, अर्ज द्या. दिला. म्हणे, वरतं 'विषय' नाही. विषय लिहिला. म्हणे, 'संदर्भ' नाही. माही पोरगी तिकडं मरून राहिली बे, संदर्भ कायचा लिहू? लिहिला. मंग त्यानं अर्ज डोळ्यापुढं धरला अन् सावकाश म्हणे, "पण तुमी तं या प्रकरणात आरोपी. आरोपीच्या अर्जावर सील काढता येत नाही. नर्सबाईचा अर्ज आणा." अन् अध्यक्ष कुठं आहेत? "साहेब जेवून राहिले." मी बाकावर बसून राह्यलो. घड्याळ पाहू, दाराकडं पाहू. बारा वाजता मधुकरराव सुपारी चघळत आले. सगळं ऐकलं, डोळ्यात पाणी आणलं. "यादोराव, तुमची पोरगी ती माही पोरगी. माहं मन तं आत्ताच सील तोडून राहिलं. पण एकट्याच्या सहीनं होत नाही, सोमाजीची सही लागते. सभा लावू ना. टेकचंद, उद्याची नोटीस काढ."

टेकचंदनं कागद काढाले समोरचा गठ्ठा बाजूले सरकवला. गठ्ठ्यावर नाव लिहिलेलं मले उलटं वाचता आलं: 'पिस्टन गहाळ प्रकरण'. अन् तो कागद उडू नये म्हणून त्यावर ठेवलेला होता चाळीसचा पिस्टन. दुसरा बाजूच्या गठ्ठ्यावर. ज्या पिस्टनची चौकशी, तोच चौकशीवर बसलेला.

मले काय झालं माहीत नाही. मी तो पिस्टन उचलला, पैरणीच्या खिशात घातला अन् बाहेर पडलो. मागून टेकचंद ओरडून राहिला होता, "अहो, कार्यालयीन सामान!" कागदं पंख्याखाली भिरभिरत होते.

पाऊण तासाचा रस्ता, चिखलातून, बाहेर थांबलेला केवळराम पुढं अन् मी मागं. घाटावर उषाबाई गोणपाट डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. मले पाहून एकच बोलल्या, "कवाची वाट पाहून राहिली मी. कुठं होते तुमी?" मी सायकल टाकली अन् पंचायतीच्या खोलीत गेलो. चाकूनं सुतळी कापता आली असती. पण मले ते लाखेचंच फोडाचं होतं. खिशातला पिस्टन काढला अन् घातला त्या सीलवर. एक, दोन, तीन. लाख फुटून भिंतीवर उडाली. त्या चाळीसच्या पिस्टननं जन्मात केलेलं काम तेवढंच.

मोटर नावेले लावली. दुसऱ्या ओढीत चालू झाली. नदीत काय वाहून येत होतं सांगू? झाडं, छपरं, एक मेलेली म्हैस. केवळरामनं सुकाणू धरलं होतं, मी डब्ब्यानं पाणी उपसत होतो, अन् कान मोटरकडं. ती एकदाही खोकलली नाही. वीसचे पिस्टन, बेट्याहो, मापाचे! भर धारेत मले रडू आलं अन् मी शिव्या देऊन राहिलो, कोणाले ते आठवत नाही.

बोरटोल्याले लागताच उषाबाई रत्नाच्या घरात गेल्या अन् दार लावलं. मी गोठ्यात उभा. मंग कितीतरी वेळानं बारीकसा आवाज आला, मांजरीच्या पिल्लासारखा. पोरगी झाली. उषाबाई हात पुसत बाहेर आल्या. "नाळ मानेभोवती होती. श्वास नव्हता, पाठ चोळून चोळून आणला. रत्नाचंही रक्त फार गेलं. घटकाभर अजून उशीर झाला असता तं मी तुमाले तोंड दाखवलं नसतं." मंग म्हणल्या, "दोन तास आधी आलो असतो तं इतकं काहीच नव्हतं." त्या सहज बोलल्या. त्याईले माहीत नव्हतं मी ते दोन तास कुठं बसलो होतो.

रत्नाले पुढचे दोन महिने बाजेवरून उठता आलं नाही.

नागपूरचा तज्ज्ञ काही आला नाही. पोळ्याच्या आधी मले नोटीस आली. गहाळ प्रकरणातला जुना आरोप पुराव्याअभावी सोडून देल्ला होता. नवा आरोप: कार्यालयाच्या टेबलावरून एक नग पिस्टन चोरला. अन् हा आरोप तं खराच होता! जवा चोरला नव्हता तवा गावभर चोर झालो, अन् खरंच चोरला तवा करंजघाटच्या लोकाईनं मले घाटावर बसवून चहा पाजला. सोमाजीनं स्वतःच्या हातानं दिला. "शीग वापस आणली भाऊ तुमी," म्हणे. त्याले अजूनही वाटते मी कुठूनतरी उरलेले वीस घेऊन आलो.

तो पिस्टन बोरटोल्यातच राह्यला. रत्नाच्या सासूनं त्याच्या दोन भोकांत चिंध्या कोंबल्या अन् तांदळाच्या मडक्यात ठेवला. उलटा केला की त्याची वाटी होते, तिनं ती रोजचे तांदूळ मोजाले ठेवली. शीग लावून मोजते. मी वापस मागाले गेलो तं म्हणे, "जाऊ द्या ना जी, माप चांगलं आहे."

नोटिशीत पाच प्रश्न होते. सील कोणाच्या हुकमानं तोडलं, कोणत्या हत्यारानं तोडलं, पेट्रोल किती जाळलं, पिस्टन कुठं आहे, अन् या कृत्याबद्दल खेद आहे काय. पाचही उत्तरं मी बसल्या बैठकीत लिहून पाठवली, 'विषय' अन् 'संदर्भ' घालून. पण दोन तास उशीर काहून केला, हे त्यात कोणीच विचारलं नव्हतं. रत्नानंही अजून विचारलं नाही. नात आता आठ वर्षांची झाली, घाटावर माह्या खांद्यावर बसून मोटरचा आवाज ऐकते. मोटर अजून वीसवरच आहे. एक दिवस रत्ना विचारन, तवा तिले काय सांगाचं, ते मले अजूनही सुचत नाही.